मशीन रिकामं बसलं की

२०१९ च्या डिसेंबरात तीन आठवड्यांत माझं मशीन अकरा वेळा हँग झालं. बंद पडलं असतं तर निदान कळलं असतं. इथे पडदा जसाच्या तसा, पंखा फिरतोय, कोपऱ्यातलं घड्याळ मात्र दोन वाजून सतरा मिनिटांवर अडकलेलं, आणि भिंतीवरच्या घड्याळात सकाळचे साडेसहा. माऊस हलत नाही. कॅप्स लॉक दाबलं तर कीबोर्डवरचा दिवा लागत नाही. मग कॅबिनेटचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं आणि रात्रभर उभी राहिलेली नेटवर्कची सगळी लॅब पुन्हा पहिल्यापासून उभी करायची.

वेळ माझ्याकडे मोजकाच होता. सिस्कोच्या सीसीएनपी या नेटवर्किंगच्या परीक्षेचे राऊट आणि स्विच हे दोन पेपर झाले होते, ट्रबलशूटिंगचा तिसरा राहिला होता. सिस्कोने जुने पेपर २३ फेब्रुवारी २०२० पर्यंतच घेणार असं जाहीर केलं होतं. २४ पासून नवा अभ्यासक्रम. म्हणजे हा पेपर त्याआधी निघाला नाही, तर वर्षभराची मेहनत नव्या पद्धतीत बसवत बसायची. दिवसा पुण्यात एका कंपनीच्या नेटवर्क ऑपरेशन सेंटरमध्ये, म्हणजे एनओसीत, शिफ्ट आणि रात्री खोलीवर अभ्यास, असं चाललं होतं.

या पेपरची टोपोलॉजी सिस्को आधीच सगळ्यांना देत असे. चार राऊटर, त्यात आर१ ते आर४ फ्रेम रिले आणि ओएसपीएफ, आर४ वर ईआयजीआरपीची सांधेजोड, आर१ कडून बाहेर बीजीपी, खाली दोन डिस्ट्रिब्युशन आणि दोन अ‍ॅक्सेस स्विच. परीक्षेत यातलंच काहीतरी मोडून ठेवलेलं असायचं आणि कुठे मोडलंय ते शोधायचं असायचं. मी ते सगळं जीएनएस३ या कॉम्प्युटरवरच नेटवर्क उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उभं केलं होतं. त्यात राऊटर चालवणाऱ्या डायनामिप्सला खऱ्या स्विचच्या चिप्सची नक्कल करता येत नाही, म्हणून चारही स्विचच्या जागी ३७२५ राऊटरमध्ये सोळा पोर्टचं स्विच मोड्यूल बसवलेलं. बाहेरच्या इंटरनेट कंपनीचा एक राऊटर धरून एकूण नऊ. स्वतःच काहीतरी मोडायचं, दुसऱ्या दिवशी विसरल्यावर शोधायचं.

मशीन सेकंडहँड होतं. प्रोसेसर २०१७ च्या पिढीतला, आठ कोर सोळा थ्रेडचा. रॅम १६ जीबी. वीज पुरवणारा एसएमपीएस मात्र माझ्या जुन्या कॉम्प्युटरमधून काढून लावलेला, २०१० चा. चालू होता, फेकायचा कशाला, हा विचार.

नोव्हेंबरभर एकही हँग नाही. त्रास होता तो आवाजाचा आणि उष्णतेचा. डायनामिप्स हा ख्रिस्तोफ फिलो या फ्रेंच माणसाने २००५ मध्ये लिहायला घेतलेला प्रोग्रॅम. तो राऊटरचं खरंखुरं सॉफ्टवेअर आपल्या कॉम्प्युटरवर चालवतो. खऱ्या राऊटरला काम नसलं की त्याचं सॉफ्टवेअर एका रिकाम्या चक्रात फिरत बसतं, ‘काही आलं का, काही आलं का’ असं विचारत. डायनामिप्सला ते रिकामं फिरणं आणि खरं काम यातला फरक कळत नाही. तो तेही तितक्याच इमानाने करतो, आणि एकेक राऊटर एकेक कोर पूर्ण खातो. नऊ राऊटर, नऊ थ्रेड शंभर टक्के. पंख्याच्या आवाजाने रूममेट झोपू शकत नसे, म्हणून झोपताना लॅब आणि मशीन दोन्ही बंद करायचो.

यावर उपाय आयडल-पीसी. राऊटरच्या सॉफ्टवेअरमध्ये ते रिकामं चक्र नेमक्या कोणत्या पत्त्यावर फिरतं ते शोधून डायनामिप्सला सांगायचं. तिथे पोचलास की थोडा झोप, म्हणून. १ डिसेंबरला, रविवारी, बसून मी लॅबमधल्या राऊटर-सॉफ्टवेअरच्या दोन्ही इमेजचे पत्ते काढले. जीएनएस३ काही पत्ते सुचवतं, बऱ्या वाटणाऱ्यांपुढे चांदणी असते. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात लागले. नऊही राऊटर चालू आणि प्रोसेसर चार टक्क्यांवर. पंख्याचा आवाज पडला. खोलीत इतकं शांत झालं की रूममेटने मान वर करून पाहिलं. त्या दिवसापासून मी लॅब रात्रंदिवस चालू ठेवायला लागलो.

दुसऱ्याच रात्री पहिला हँग.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण ‘हँग झालं’ या दोन शब्दांत लोक दोन वेगळे आजार कोंबतात. त्याच महिन्यात मी एकदा लॅबमध्ये चार जीबी रॅम मागणारा एक जड राऊटर घातला, मग दुसरा, मग तिसरा. रॅम भरली आणि लिनक्स हार्ड डिस्कवर स्वॅप करायला लागला. तेव्हाही पडदा थिजला. पण हार्ड डिस्कचा दिवा अखंड जळत होता, आणि माऊस हलवला की अर्ध्या मिनिटाने बाण सरकत होता. ते मशीन जिवंत होतं, गुदमरलेलं होतं. ते जड राऊटर कमी केले की सुटलं. रात्रीच्या हँगमध्ये डिस्कचा दिवा विझलेला. मोबाईलवरून पिंग केलं तर उत्तर नाही. ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरं ओळीने दाबली की लिनक्सचा कर्नल शेवटच्या क्षणीही डिस्कवरचं काम आवरून मशीन रीस्टार्ट करतो. तेही होईना. म्हणजे कर्नलच उरला नव्हता. आधीच्या बूटचा लॉग काढून पाहिला तर एरर एकही नाही. दर तासाला चालणाऱ्या कामाची एक साधी ओळ, आणि त्यानंतर कोरं. ज्याने लिहायचं तोच आधी गेला, तर लिहिणार कोण?

दुकानदार म्हणाला रॅम गेली. मेमटेस्ट लावला, रात्रभरात चार फेऱ्या, एकही चूक नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलला. कर्नल बदलला. प्रोसेसर तापत असेल म्हणून पेस्ट नवी लावली. मग सोळा थ्रेड पूर्ण भरून तीन तास छळलं, तर मशीन दगडासारखं उभं. आणि तिथून उठून मी अंघोळीला गेलो, परत आलो, तर हँग. मी त्या दिवशी खरंच घाबरलो. दुसरं मशीन घ्यायला पैसे नव्हते.

शिफ्टवर चेहरा उतरलेला पाहून शिफ्ट लीड मॅडमनी विचारलं. सगळं ऐकून त्यांनी एनओसीत रोज विचारला जाणारा प्रश्न विचारला, “शेवटचा चेंज काय केला होतास?”

“चेंज काहीच नाही, मॅडम.”

“मग वेळा लिहून ठेव. आणि त्या वेळी तू काय करत होतास तेही लिही.”

मी खोटं बोललो नव्हतो. आयडल-पीसी हा मला चेंज वाटलाच नव्हता, ती सुधारणा होती. ऑफिसात कोणी असं उत्तर दिलं असतं तर मीच त्याला परत पाठवलं असतं.

पुढच्या सात हँगची वही झाली. ‘मी काय करत होतो’ या रकान्यात उतरलं ते असं: जेवण. झोप. झोप. अंघोळ. खाली दूध आणायला. झोप. आईचा फोन. सातांपैकी एकदाही मी मशीनसमोर नव्हतो. मशीन दमल्यावर पडत नव्हतं, रिकामं बसल्यावर पडत होतं. आणि मी केलेली प्रत्येक परीक्षा त्याला कामाला लावणारी होती. मेमटेस्ट, ताण, सगळं. आजारी माणसाला पळवून पाहायचं आणि तो झोपेत जातोय हे कुणी बघायचं नाही, तसं झालं होतं.

मग नोव्हेंबरचं कोडंही सुटलं. तेव्हा नऊ राऊटर प्रोसेसरला डुलकी लागू देत नव्हते, आणि लॅब बंद केली की मशीनही बंद. ते कधी रिकामं बसलंच नव्हतं. त्याला पहिल्यांदा झोपायला मी शिकवलं, १ डिसेंबरला.

अंदाज खरा की खोटा हे पाहायला पैसे लागणार नव्हते. २५ डिसेंबरला मी फक्त आर३ चा आयडल-पीसी काढून टाकला. एक थ्रेड शंभर टक्के, बाकी सगळं तसंच. पाच दिवस, पाच रात्री मशीन चालू ठेवलं. एकही हँग नाही. सहाव्या दिवशी आर३ ला पत्ता परत दिला, आणि त्याच रात्री एक वाजून चाळीसला घड्याळ थांबलं. हँग झालेलं मशीन बघून आनंद झाल्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ.

कारण असं. प्रोसेसरला काम नसलं की कोर गाढ झोपेच्या सी६ नावाच्या अवस्थेत जातात. स्वतःजवळची माहिती बाजूला ठेवतात आणि त्यांचा वीजपुरवठा जवळजवळ तोडला जातो. सगळे कोर एकदम झोपले की बारा व्होल्टच्या तारेवरची मागणी एकदम खाली येते. जुन्या बनावटीच्या एसएमपीएसला व्होल्टेज स्थिर ठेवायला थोडाफार भार लागतोच. २०१३ साली इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले, ते झोपेत केवळ ०.०५ अँपिअरवर उतरू शकत. तेव्हापासून एसएमपीएसच्या खोक्यांवर ‘हॅसवेलला चालतो’ असं छापून येऊ लागलं. माझा एसएमपीएस त्याच्याही तीन वर्षं आधीचा.

नेटवर्कचा दोष शोधताना आम्हाला शिकवतात की तळापासून वर या, आधी वीज, केबल, पोर्ट, मग प्रोटोकॉल. मी वरून सुरू केलं होतं. ड्रायव्हर, कर्नल, सॉफ्टवेअर. एसएमपीएस टेबलाखाली पायाशी होता.

बायोस नवीन टाकल्यावर त्यात ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ नावाचा पर्याय आला. तो ‘ऑटो’वर होता, तो ‘टिपिकल करंट आयडल’ केला. याचा अर्थ, झोपलास तरी वीज इतकीही कमी ओढू नकोस. तो १ जानेवारी २०२०. पेपरला जाईपर्यंत मशीन एकदाही थांबलं नाही. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पेपर दिला आणि पास झालो.

मार्चमध्ये ऑफिसने घरून काम करायला सांगितलं, तेव्हा मशीन घेऊन श्रीवर्धन तालुक्यातल्या घरी गेलो. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. पडवीचे पत्रे उडाले, मागची पोफळी आडवी झाली. कॅबिनेट ताडपत्रीत गुंडाळून माजघरात ठेवलेलं, म्हणून वाचलं. वीज यायला आठवडे लागले. आली तेव्हा मशीन सुरू केलं, तर पडद्यावर तारीख २०१७ ची. कळ दाबून पुढे गेलो, लॅब लावली, जेवायला उठलो. परत आलो तर कॅप्स लॉकचा दिवा लागेना.

या वेळी ना मेमटेस्ट लावला, ना दुकानदाराला फोन केला. इतके दिवस वीज नसल्याने मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता, आणि बायोस सगळं विसरून ‘ऑटो’वर गेला होता. श्रीवर्धनच्या बाजारात घड्याळवाल्याकडे सीआर२०३२ मिळाला. सेल घातला, पर्याय पुन्हा बदलला, वहीत तारीख टाकली. पुण्याला परतल्यावर एसएमपीएसही नवा घेतला.

तुमचं मशीन कामात ठणठणीत राहून रिकामं बसल्यावरच हँग होत असेल, तर नवी रॅम आणण्याआधी एक रात्र एकच कोर कामाला लावून ठेवा, आणि सकाळी कॅप्स लॉक दाबून बघा.