उतारावरचा चेंडू

आम्ही पयानघाटातली माणसे. वऱ्हाडच्या सपाट पट्ट्याला हे जुने नाव आहे. माझे बालपण अकोल्यात गेले आणि नोकरीची वर्षे अमरावतीत. दोन्हीकडे पायाखाली काळी, सपाट माती. लहानपणी विटीदांडू खेळताना गल आम्हीच कोरायचो आणि जागा वाकडी वाटली, तर पायाने सारखी करून घ्यायचो. जमिनीने आपल्या सोयीने वागावे, हा संस्कार तेव्हापासूनचा!

त्याला धक्का बसला तो गेल्या दिवाळीत, चिखलदऱ्याला. फौजेतून निवृत्त झालेले माझे मेहुणे पाहुणे आले होते. सामानात गोल्फची एक काठी आणि सहा चेंडू. परतवाड्याहून घाट चढून आम्ही सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या त्या गावी गेलो. बरोबर चिरंजीवही होते. अभियांत्रिकीचे शिक्षण अर्ध्यावर सोडून तो घरी आला, त्याला चार महिने झाले होते आणि तेवढ्या काळात ‘जेवलास का?’ यापलीकडे आम्हा बापलेकांत संभाषण नव्हते.

मेहुण्यांनी गवताळ उतारावर चेंडू टाकला. मी तो हळूच पायाने सपाट जागी सरकवू लागलो, तोच ते ओरडले, “अहो भाऊजी, पाय लावू नका!” गोल्फचे पहिले नियम स्कॉटलंडात १७४४ साली लिहिले गेले. या खेळाचा बाणाच असा, की चेंडू पडला तसा खेळायचा. त्याच्याखालची जमीन सुधारायची नाही.

मग धडे सुरू झाले. चेंडू पायांपेक्षा उंचावर असला, तर काठी आखूड धरायची. तो डावीकडे वळतो. खाली असला, तर गुडघे अधिक वाकवायचे. तो उजवीकडे पळतो. चढाच्या दिशेने मारलेला चेंडू उंच उडून अलीकडेच पडतो. उताराच्या दिशेने मारलेला बुटका जातो आणि घरंगळत राहतो. मुख्य म्हणजे, चढ असो की उतार, खांदे जमिनीच्या कलाबरोबर कलते ठेवायचे.

आता, ताठ उभे राहणे हा मास्तरकीचा स्थायीभाव. वर्गात उभा राहतो तसाच मी डोंगरावर उभा राहिलो. पहिल्या फटक्याला गवत उडाले. दुसऱ्याला मीच खाली बसलो. जवळच म्हशी चारणाऱ्या गवळ्याने आस्थेने विचारले, “गुर्जी, काही हरपलं काय?”

चिरंजीव हसला. चार महिन्यांत प्रथमच! मग त्याने काठी घेतली. चेंडू पायांहून उंचावर होता. पलीकडच्या काळ्या दगडाला निशाण ठरवून त्याने नेम मात्र त्याच्या उजवीकडे धरला आणि अर्ध्याच झोक्याने फटका मारला. चेंडू डावीकडे वळत नेमका दगडाजवळ पडला.

“जोर का नाही लावलास?” मी विचारले.

“उतारावर आधी तोल सांभाळावा लागतो, बाबा.”

मी गप्प झालो. चार महिने मी मनातल्या मनात त्याच्या पायाखालची जमीनच सपाट करत बसलो होतो. त्याने आधी सांगितले असते तर, आणखी एक वर्ष कळ काढली असती तर! चेंडू कुठे पडला आहे, हे मात्र एकदाही वाकून पाहिले नव्हते.

परतताना घाटात विचारले, “आता काय करावेसे वाटते?” तो बोलू लागला. परतवाडा मागे पडले, तरी बोलतच होता. त्याचा बेत मला सगळा पटला, असे नाही. पण अमरावतीचे दिवे दिसेपर्यंत मी त्याला मध्येच तोडले नाही. माझ्यासारख्या ताठ माणसाने तेवढे झुकणे पुष्कळ झाले.