अब्बांची राजदूत, चाचांची येझदी

शाळांच्या क्रीडा सप्ताहात 'स्लो सायकल' नावाची एक शर्यत असते. वाचकांपैकी अनेकांनी ती लहानपणी खेळली असेल. चुन्याच्या दोन रेघांमधून सायकल चालवायची. जो सगळ्यात शेवटी पोहोचेल तो जिंकला आणि ज्याचा पाय जमिनीला टेकला तो बाद. रोज सुसाट येणारी मुलं या शर्यतीत पहिल्या दहा पावलांतच बाद होतात, हे आमच्यातला जो शिक्षक आहे तो गेली वीस वर्षं पाहतो आहे.

मोटारसायकलच्या दुनियेतही अशीच एक स्पर्धा आहे. तिला 'ट्रायल' म्हणतात. दगड, ओढा, चिखल, चढ यांतून गाडी न्यायची आणि पाय टेकवायचा नाही. एकदा पाय टेकला तर एक गुण दंड, गाडी थांबली तर पाच. ज्याच्या नावावर कमी दंड तो विजेता. स्कॉटलंडमध्ये अशी सहा दिवसांची स्पर्धा शंभराहून अधिक वर्षांपासून भरते. १९५२ आणि १९५७ साली ती जॉनी ब्रिटन या तरुणाने रॉयल एनफिल्डवर जिंकली. पुढे १९६५ साली सॅमी मिलरने २५० सीसीची हलकी स्पॅनिश गाडी घेऊन ती जिंकली आणि जड गाड्यांचा जमाना तिथे संपत आला. या खेळात ताकदीपेक्षा तोल मोठा ठरतो.

हे सगळं एका कौटुंबिक मासिकात कशासाठी, असं वाटेल. कारण हा प्रश्न आमच्या घरात आला होता, आणि तो तुमच्याही घराच्या दारात उभा असेल.

आम्ही दोघे भाऊ. थोरला साताऱ्यात शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, धाकट्याचं सांगलीत छोटं दुकान आहे. अब्बांच्या इंतकालनंतर त्यांची १९७८ ची राजदूत साताऱ्याच्या घरी उभी राहिली. सांगलीत चाचांची १९८२ ची येझदी होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ती टाकीपर्यंत पाण्यात होती. भंगारवाला दोन्ही गाड्यांचा भाव करून गेला होता. तेवढ्यात धाकट्याचा मुलगा मध्ये पडला. वय एकोणीस, आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड. "बडे अब्बा, राजदूत मला द्या. सायलेन्सर काढतो, मागची फ्रेम कापतो, बघाच कशी पळते ती."

त्याच महिन्यात आमच्या मोहल्ल्यातला त्याच्याच वयाचा एक मुलगा हायवेवर गेला. आवाज करणारी, कापलेली, मागे मडगार्ड नसलेली गाडी होती. जनाजा उचलला तेव्हा त्याच्या अब्बांना दोघांनी धरून चालवावं लागलं. आमच्या पोराला नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर तो मित्राच्या गाडीवर बसला असता. म्हणून आम्ही त्याला शर्त घातली. दोन्ही गाड्या तू नीट कर, पण फ्रेम, इंजिन, टाकी आणि सायलेन्सर यांना हात लावायचा नाही. आणि जी गाडी सगळ्यात हळू चालेल ती तुझी.

तो हसला. पण कबूल झाला.

आधी तुलना केली. साताऱ्याबाहेर मुरमाची उताराची एक पडीक जागा आहे. तिथे चुन्याच्या दोन रेघा मारल्या, अंतर तीस पावलं. शेजाऱ्यांची यामाहा आरएक्स १०० ही मागून आणली. पोराने डोक्यावर हेल्मेट घालून प्रत्येक गाडीवर तीन-तीन फेऱ्या मारल्या आणि आम्ही टेकलेले पाय मोजले. राजदूतवर अकरा, येझदीवर आठ, आरएक्सवर पाच.

आकड्यांमागची कारणं समजून घेणं हाच खरा धडा होता. आरएक्स वजनाने हलकी, म्हणून तोल सावरायला सोपी. पण तिचं इंजिन वरच्या फेऱ्यांना जोर देतं. चालण्याच्या गतीला ती एकतर उडी मारते, नाहीतर बंद पडते. तिच्या सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक दोन्ही ५० मिलिमीटर. येझदीचा व्यास ६५ आणि स्ट्रोक ७५, म्हणजे लांब. शिवाय फ्लायव्हील जड. त्यामुळे ती अगदी कमी फेऱ्यांनाही शांतपणे ओढत राहते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची ही गाडी. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला, पण तिचं वेगळेपण अजून लोकांच्या लक्षात आहे: किक आणि गिअरचा दांडा एकच.

राजदूत मुळात पोलंडच्या एसएचएल गाडीवरून घेतलेली. तिच्या पुढच्या चाकाला जुन्या पद्धतीचा झुलता फोर्क आहे. पुढचा ब्रेक दाबला की इतर गाड्या नाक खाली घालतात. हिचं नाक दबत नाही, उलट किंचित वर उठतं. खड्ड्यात हा फोर्क भरवशाचा. पण हँडलबरोबर फिरणारं लोखंड जास्त, म्हणून हळू चालवताना हात जड पडतो. तरी अकरा वेळा पाय टेकण्याचं कारण काही निराळंच निघालं.

ते दाखवलं मिरजेच्या एका वयस्कर मिस्त्रींनी. सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पुढचं चाक अधांतरी ठेवलं आणि हँडल एका बोटाने फिरवलं. बरोबर सरळ रेषेत आलं की ते 'टक्' करून अडकत होतं. "कोन सेट गेलाय. वर्षानुवर्षं सरळ चालून गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. तोल सांभाळायला हँडल सतत जराजरासं हलावं लागतं. ही हलूच देत नाही, मग पोरगं पाय टाकणार नाही तर काय करणार?" सायकल नुसती सीटला धरून एका बाजूला कलती करून पाहा, पुढचं चाक आपोआप त्या बाजूला वळतं. दुचाकी उभी राहते ती याच गुणावर.

मग उस्तादांनी मागचं चाक धरून आडवं हलवलं. स्विंग आर्मचे बुश झिजलेले. म्हणजे पुढचं चाक एकीकडे जाणार, मागचं दुसरीकडे. येझदीचं इंजिन महापुरानंतर उघडून साफ केलेलं होतं, पण फोर्ककडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. त्यातून तेलाऐवजी कृष्णेचा गाळ निघाला.

शेवटी त्यांनी चाकाच्या तारांवर पान्याने एकेक टिचकी मारली आणि कान लावला. ढिली तार बद्द वाजते, ताणलेली खणखणीत. सगळ्या तारा जवळपास एका सुरात आल्या की रिम सरळ फिरते. मिरज हे सतार आणि तानपुऱ्याचं गाव. तिथे शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी वाद्यं घडवायला घेतली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गावातला मिस्त्री चाकाच्या तारा कानाने जुळवतो याचं नवल आम्हालाच वाटलं, त्यांना नाही.

चार रविवार काम चाललं. दोन्ही गाड्यांना नवे कोन सेट, नवे बुश. येझदीच्या फोर्कला नवे ऑइल सील आणि मापाचं तेल. दगडासारखे झालेले टायर बदलले. ट्रायलवाले टायरमध्ये दहा पौंडांहूनही कमी हवा ठेवतात, पण तो नियम रस्त्यावर चालत नाही. आम्ही कंपनीने सांगितली तेवढीच ठेवली. वाकलेले फूटरेस्ट सरळ केले. हँडल क्लॅम्पमध्ये जरासं वर फिरवलं, म्हणजे उभं राहून चालवताना पाठ वाकत नाही. हँडल पूर्ण वळवलं तर केबल ताणली जाऊन रेस वाढत नाही ना, हे तपासलं. राजदूतचं पुढचं चेन स्प्रॉकेट एका दाताने लहान बसवलं. त्यामुळे वरचा वेग थोडा गेला, पण पहिल्या गिअरमध्ये ती बैलासारखी निमूट चालू लागली. पोरगा आवाजाच्या सायलेन्सरसाठी जेवढे पैसे मागत होता, साधारण तेवढ्यातच राजदूतचं काम झालं.

पुन्हा त्याच मुरमावर गेलो. येझदीवर तीन पाय टेकले. राजदूतवर दोन.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मालक म्हणजे बहुतेक वेळा बापच. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते आम्ही करून घेतलं. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी सोयही आहे. फ्रेम कापलेल्या गाडीला तो मान मिळणार नाही.

शर्तीप्रमाणे राजदूत पोराची झाली. पण आम्हाला त्याहून मोलाचं काही वाटलं असेल तर ते असं, की तो आता दर रविवारी उस्तादांकडे जातो. पूर्वी 'गॅरेजमध्ये काम करतो' हे नातेवाइकांना सांगताना त्याची अम्मी आवाज हळू करायची. आता नातेवाईकच आपल्या गाड्या घेऊन येतात आणि तो प्रत्येकाचं हँडल आधी एका बोटाने फिरवून पाहतो.

आई-वडिलांना आमची एवढीच विनंती आहे. मुलगा गाडी मागेल तेव्हा चिडू नका आणि लगेच चावीही देऊ नका. त्याला एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडे न्या, गाडी स्टँडवर घ्या, चाकं हलवून पाहायला सांगा. मग मैदानात दोन रेघा मारा आणि म्हणा, जितकं हळू जमेल तितकं चालवून दाखव. ज्याला ते जमेल त्याच्या मागे बसून यवतेश्वरचा घाट चढायला हरकत नाही. आम्ही परवाच बसून आलो, अल्हमदुलिल्लाह.