चषकाआधीचा करार

1 जानेवारी 2024 रोजी टोरांटोमध्ये प्रोफेशनल विमेन्स हॉकी लीगचा, म्हणजे पीडब्ल्यूएचएलचा, पहिला सामना झाला. न्यूयॉर्कच्या एला शेल्टनने लीगच्या इतिहासातला पहिला गोल केला आणि यजमान टोरांटो 4-0 असे हरले. बॉस्टन, मिनेसोटा, मॉन्ट्रियल, न्यूयॉर्क, ओटावा आणि टोरांटो असे सहा संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला 24 सामने. संघांची बारशी अजून व्हायची होती. जर्सीवर तिरक्या अक्षरांत नुसते शहराचे वा राज्याचे नाव असे. एवढ्या घाईने उभ्या राहिलेल्या या लीगकडे एक गोष्ट मात्र सुमारे सहा महिने आधीपासून तयार होती: खेळाडूंच्या वेतनाचा सामूहिक करार.

हा उलटा क्रम समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. 2007 मध्ये कॅनडात सुरू झालेल्या सीडब्ल्यूएचएलने पहिली दहा वर्षे खेळाडूंना पगारच दिला नाही. ऑलिंपिक पदक मिळवलेल्या स्त्रिया दिवसा नोकरी करून रात्री सरावाला येत. 2015 मध्ये अमेरिकेत एनडब्ल्यूएचएल आली. तिने वर्षाला किमान 10,000 डॉलर देऊ केले, तेव्हा ती क्रांती वाटली. पण दुसऱ्याच हंगामात, नोव्हेंबर 2016 मध्ये, सामने सुरू असतानाच पगारांना कात्री लागली. पुढे 31 मार्च 2019 रोजी सीडब्ल्यूएचएलने आपण बंद होत असल्याचे जाहीर केले. क्लार्कसन चषकाची अंतिम लढत होऊन तेव्हा जेमतेम आठवडा उलटला होता.

मे 2019 मध्ये सुमारे 200 खेळाडूंनी जाहीर केले की येत्या हंगामात उत्तर अमेरिकेतल्या कोणत्याही व्यावसायिक लीगमध्ये आम्ही खेळणार नाही. कामगार चळवळीच्या इतिहासात याला चटकन जोड सापडत नाही. संप करायला आधी मालक लागतो. यांच्यापैकी अनेकींना तोही उरला नव्हता. त्यांनी स्वतःची संघटना काढली आणि पुढची चार वर्षे गावोगावी प्रदर्शनीय सामने खेळून काढली. ऐन उमेदीची चार वर्षे. खेळाडूच्या आयुष्यात ती परत मिळत नाहीत.

सगळ्याच जणी या वाटेने गेल्या नाहीत. अनेकींनी एनडब्ल्यूएचएलमध्येच राहून खेळ चालू ठेवला. 2021 मध्ये या लीगने पीएचएफ असे नाव घेतले आणि हळूहळू पगारही वाढवले. दोन गटांतली कटुता उघड होती. जून 2023 च्या अखेरीस उद्योजक मार्क वॉल्टर आणि टेनिसपटू बिली जीन किंग यांच्या गटाने पीएचएफ विकत घेऊन बंद केली आणि तिथल्या खेळाडूंचे पुढच्या हंगामासाठी झालेले करार रद्द झाले. या घटनेला विलीनीकरण म्हणण्याची सोय आहे. पण ज्यांनी कठीण काळात ती लीग जिवंत ठेवली, त्यांना नव्या घरात जागा मिळण्याची कोणतीही हमी नव्हती. सप्टेंबरच्या निवडप्रक्रियेत सहा संघांनी मिळून 90 जणींना निवडले. उरलेल्यांपैकी काहींनी चाचण्यांतून जागा मिळवली, काहींची कारकीर्द तिथेच संपली. नव्या लीगच्या यशोगाथेत ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

करारात होते ते असे: किमान वार्षिक वेतन 35,000 डॉलर, संघाची सरासरी 55,000, आणि प्रत्येक संघात निदान सहा जणींना 80,000 किंवा त्याहून अधिक. शिवाय आरोग्यविमा आणि प्रसूतिरजा. मुदत 2031 पर्यंत. वाटाघाटी करणाऱ्या खेळाडूंमध्ये केंडल कॉइन स्कोफिल्ड आणि हिलरी नाइट होत्या, तशीच सीडब्ल्यूएचएलमधली गोलरक्षक लिझ नॉक्सही होती. नॉक्स या लीगमध्ये एकही सामना खेळली नाही.

प्रेक्षक आले. 20 एप्रिलला मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये 21,105 जण जमले. स्त्रियांच्या हॉकीत एवढी गर्दी त्याआधी कधीच झाली नव्हती.

मैदानावरची खरी कथा मात्र मिनेसोटाची. शेवटचे पाचही साखळी सामने हरून या संघाने आपले भवितव्य दुसऱ्यांच्या हाती दिले होते: टोरांटोने ओटावाला हरवले, तर उपांत्य फेरी. टोरांटोने हरवले. आता लीगचा एक गमतीदार नियम पुढे आला. अव्वल संघाने आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडायचा! अव्वल होते टोरांटो, आणि त्यांनी निवडले मिनेसोटा. पाचपैकी पहिले दोन सामने जिंकून त्यांनी निवड योग्य ठरवली. पण तिसऱ्या सामन्यात हंगामात 20 गोल करणारी नॅटली स्पूनर जखमी झाली, आणि मिनेसोटाने पुढचे तिन्ही सामने जिंकले.

बॉस्टनविरुद्धच्या अंतिम मालिकेत मिनेसोटा 2-1 ने पुढे होते. चौथा सामना घरच्या मैदानावर. दुसऱ्या जादा सत्रात सोफी जाक्सने गोल केला, हातमोजे हवेत उडाले, खेळाडू एकमेकींच्या अंगावर झेपावल्या. मग पंचांनी चित्रफीत पाहिली आणि गोलरक्षकाला अडथळा झाल्याचे सांगून गोल रद्द केला. जेमतेम एका मिनिटानंतर बॉस्टनच्या अलिना म्युलरने गोल केला. साजरा करून झालेला विजय असा हातातून जाणे कोणत्याही संघाला मोडून टाकू शकते. तीन दिवसांनी, 29 मे रोजी, लोवेलच्या परक्या मैदानावर मिनेसोटाने 3-0 असा विजय मिळवून पहिला वॉल्टर चषक उचलला. तिसरा गोल कर्णधार कॉइन स्कोफिल्डचा. करार झाला त्याच जुलै महिन्यात ती आई झाली होती.

30 नोव्हेंबर 2024 रोजी दुसरा हंगाम सुरू झाला, तोवर सहाही संघांना नावे मिळाली होती. करारात ठरल्याप्रमाणे त्या वर्षी किमान वेतन 3 टक्क्यांनी वाढले.