हवेतला दरवाजा

मिसर आमच्या घरात फार पूर्वीपासून होता. लहानपणी खोकला झाला की दादीअम्मा मिसरीचा खडा तोंडात ठेवायची. पुढे मराठी मैत्रिणी मिळाल्या तेव्हा समजले की त्यांच्या घरी त्याला खडीसाखर म्हणतात, आणि मिश्री म्हणजे बायका दाताला लावतात ती भाजलेली तंबाखू. ही साखर मिसरची म्हणून मिसरी, हे मी बी.एड. करताना उर्दू शब्दकोशात वाचले. तोपर्यंत मिसर म्हणजे यूसुफ अलैहिस्सलामांचा किस्सा, नील नदीत सोडलेली मूसा अलैहिस्सलामांची पेटी, बुडालेला फिरऔन. बीबी हाजराही मिसरच्याच, असे परंपरा सांगते. आमच्या वर्गात दर दोन-तीन वर्षांनी एखादी आसिया असते, आणि आसिया ही फिरऔनची बायको असूनही नेक होती हे तिला घरूनच ठाऊक असते. इजिप्त हे नाव मात्र वेगळ्याच पुस्तकातले. पिरॅमिड, ममी, क्लिओपात्रा. हे दोन्ही देश एकच आहेत ही गोष्ट मुलांना दरवर्षी नव्याने सांगावी लागते.

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षक मिळून हा देश पाहायला गेलो. कोकणातले, मराठवाड्यातले, दोन सोलापूरचे. बहुतेक सगळे उर्दू शाळांमधले. दोन वर्षे भिशी लावून पैसे उभे केले होते. जाण्याआधी घरीदारी एकच वाक्य ऐकले, "इतने पैसों में तो उमरा हो जाता." बोलणाऱ्यांचे चुकत नव्हते. पण शिक्षकाने जे शिकवायचे ते एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच माझी इच्छा होती. अम्मीने शेवटी "जा, पर दुआ पढ के जा" म्हणून रजा दिली.

कैरोत उतरल्यावर पहिला धक्का भाषेचा. आम्ही सगळे अरबी वाचणारे. आमच्यातले बीडचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे जनाब म्हणत, त्यांनी तर घरूनच वाक्ये तयार करून आणली होती. पण कैरोचा माणूस 'जीम'चा 'ग' करतो आणि 'काफ' गिळून टाकतो. 'कहवा'चे 'अहवा' होते. जनाबांचे शुद्ध अरबी ऐकून हॉटेलातला पोऱ्या इतक्या अदबीने उभा राहिला, जणू कोणी खुतबा देत आहे, आणि मग त्याने विचारले ते आम्हाला कोणालाच कळले नाही. खाण्याचे जमले. कोशरी नावाचा पदार्थ तिथे गाड्यागाड्यांवर मिळतो. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोचा रस्सा. ती आपल्या खिचडीची लांबची बहीण असावी असे म्हणतात. नावावरून आणि चवीवरून मलाही तसेच वाटले.

गिझाचे पिरॅमिड चित्रात इतके पाहिले आहेत की प्रत्यक्षात नवल वाटणार नाही अशी समजूत होती. ती टिकली नाही. खुफूचा पिरॅमिड मुळात सुमारे १४६ मीटर उंच होता, आता १३८ च्या आसपास आहे. अंदाजे २३ लाख दगड. बाहेरचा गुळगुळीत पांढऱ्या चुनखडीचा थर निघून गेला आणि त्यातला पुष्कळ दगड पुढे कैरोच्या इमारतींना लागला. आमच्या गटात कोणीतरी म्हणाले की हे सगळे बनी इस्राईलकडून गुलामीत करवून घेतले. आमचा वाटाड्या लक्सरजवळच्या एका गावचा, तिशीतला, पाच वक्त नमाजी मुलगा. त्याने नम्रपणे हात हलवला. मूसा अलैहिस्सलामांचा जो काळ साधारणपणे धरतात, त्याच्या हजारहून अधिक वर्षे आधी हे पिरॅमिड उभे होते. १९९० मध्ये एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि तिथे कामगारांची कबरस्तानेच सापडली. राजाच्या कबरीच्या सावलीत गुलामांना कोण पुरील? हाडांवर मोडलेले हात-पाय नीट बसवल्याच्या खुणा आहेत, म्हणजे उपचार होत होते. दगडांवर टोळ्यांनी आपापली नावे लिहून ठेवली आहेत. एका टोळीचे नाव 'खुफूचे मित्र'. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी मेरेर नावाच्या मुकादमाची पपायरसवरची रोजनिशी मिळाली. तुरा येथून चुनखडी बोटीत भरून गिझाला कशी पोचवली, याची दिवसावार नोंद. साडेचार हजार वर्षांपूर्वीचे हजेरीपत्रकच म्हणा. शिक्षकांना हजेरीपत्रकाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तिसऱ्या, लहान पिरॅमिडच्या उत्तर अंगाला एक मोठी उभी जखम आहे. ती सलाहुद्दीनच्या मुलाच्या, अल्-अजीज उस्मानच्या काळातली. ११९६ मध्ये त्याने हा पिरॅमिड पाडायला माणसे लावली. आठ महिने ती खपत होती. दिवसाला एखाद-दोन दगड निघायचे, आणि शेवटी खर्च परवडेना म्हणून काम सोडले. ही हकीकत लिहून ठेवली ती अब्दुल लतीफ अल्-बगदादी या मुसलमान हकिमानेच. तो पिरॅमिड पाहून थक्क झाला होता, पाडणाऱ्यांवर नाराज होता, आणि जुने अवशेष जपण्यात काय फायदे आहेत ते त्याने आपल्या पुस्तकात मांडले. एकाच दगडापुढे, एकाच काळात, एकाच दीनची दोन माणसे. माझ्या मते त्या जखमेपुढे मुलांना अर्धा तास उभे करावे. बाकी पिरॅमिड पाच मिनिटांत दाखवले तरी चालतील.

फुस्तातजवळच्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात राजांच्या ममी आहेत. ३ एप्रिल २०२१ रोजी तहरीर चौकातल्या जुन्या संग्रहालयातून २२ ममींची मिरवणूक काढून त्या इथे आणल्या. मंद उजेडात दुसरा रामसेस निजला आहे. केस तांबूस, नाक बाकदार, हात छातीवर. आमच्यातले दोघे-तिघे तिथे इस्तिगफार पढू लागले. जनाबांनी इबरत या विषयावर हळू आवाजात सुरुवात केली. पण हाच तो फिरऔन असे ठरवणार कसे? कुराणात त्याचे नाव दिलेले नाही. फिरऔन हा शब्द मुळात 'मोठे घर', म्हणजे राजवाडा या अर्थाचा, आणि राजाला उद्देशून तो पुढच्या काळात वापरात आला. सूरे यूसुफमध्ये त्या वेळच्या राजाला फिरऔन न म्हणता 'मलिक', बादशहा म्हटले आहे. हा फरक मी दरवर्षी वाचत होते, पण तो इतिहासाच्या तासाला सांगण्यासारखा आहे हे तिथे उभे राहिल्यावर ध्यानात आले.

वाटाड्या म्हणाला, "हे माझ्या आजोबांच्या आजोबांचे राजे."

जनाब म्हणाले, "पर बेटा, वो तो काफिर थे."

तो हसला. "होते, उस्ताज. पण आजोबाही होते."

पुढचा तासभर कोणी फारसे बोलले नाही.

ही भावना तिथे आपोआप उगवली असे मात्र समजू नये. शतकानुशतके गावकऱ्यांना ते नुसते दगड होते, आणि फिरऔन हा शिवीसारखा शब्द. १९२२ मध्ये इंग्रजांनी नावापुरते का होईना स्वातंत्र्य दिले आणि त्याच वर्षी तूतनखामेनची कबर सापडली. त्या दशकात इजिप्तच्या लोकांनी ठरवून हे पूर्वज आपलेसे केले. शिल्पकार महमूद मुख्तारचे 'नहदत मिस्र' हे शिल्प १९२८ चे. शेतकरी बाई एका हाताने बुरखा मागे सारते आहे, दुसरा हात स्फिंक्सच्या डोक्यावर. आता ते कैरो विद्यापीठाच्या समोर आहे. आमच्या बसने त्याला एक वळसा घातला, उतरायला वेळ नव्हता. तूतनखामेनचा सोन्याचा मुखवटा आम्ही तहरीरच्या जुन्या संग्रहालयात पाहिला. गिझाचे नवे भव्य संग्रहालय तेव्हा काही दालनांपुरतेच उघडले होते. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्ण उघडले आणि मुखवटाही आता तिकडे आहे.

इस्लामी कैरोबद्दल लिहायचे तर वेगळा लेख होईल. अजहर, इब्न तुलूनची विटांची मशीद आणि तिचा गोल जिन्याचा मिनार, सुलतान हसनचा मदरसा, जिथे चारही मजहबांसाठी चार स्वतंत्र मदरसे एका छताखाली होते. एकच गोष्ट सांगते. इमाम शाफईंची मजार कैरोतच आहे. त्यांचा इंतकाल ८२० मध्ये इथे झाला, घुमट १२११ चा. आम्ही मराठवाड्याचे सगळे हनफी, पण आमच्याबरोबरची कोकणची मंडळी शाफई. त्यांच्यात रायगडकडच्या एक बाजी होत्या, घराणे पिढ्यान्‌पिढ्या तांडेलकी करणारे. घुमटाच्या टोकावर एक धातूची छोटी नाव बसवलेली आहे. पूर्वी तिच्यात पक्ष्यांसाठी दाणे ठेवत, असे सांगतात. बाजींनी ती नाव पाहिली आणि रडूच लागल्या. "आमच्याकडे हे मजहब नावेतूनच आले ना," एवढेच म्हणाल्या. अरब व्यापारी कोकण किनाऱ्यावर उतरले, त्यांच्या मागून फिकहही आली. ते पुस्तकात एका ओळीत संपते.

आणि मग लक्सर. तिथल्या मंदिरासाठी हा सगळा लेख लिहिते आहे.

नीलच्या काठी तिसऱ्या आमेनहोतेपने आणि दुसऱ्या रामसेसने बांधलेले हे मंदिर. कालांतराने ते गाळाने आणि मातीने भरत गेले. त्यात रोमन छावणी बसली, पुढे चर्च झाले, आणि तेराव्या शतकात अबुल हज्जाज या सूफी बुजुर्गांच्या नावाची मशीद. मशीद बांधली तेव्हा जमीन जिथे होती तिथे तिचा दरवाजा केला. पुढे १८८० च्या दशकात मंदिरातला गाळ आणि घरे काढायला सुरुवात झाली. घरे गेली, माती गेली, खांब मुळापर्यंत मोकळे झाले. मशीद मात्र लोकांनी हलवू दिली नाही. आज खालच्या अंगणातून वर पाहिले तर माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर, नुसत्या हवेत, एक दरवाजा आहे. त्यातून कोणी बाहेर पाऊल टाकील तर सरळ रामसेसच्या अंगणात पडेल. नमाजी दुसऱ्या बाजूने, रस्त्याच्या उंचीवरून आत जातात.

आम्ही जोहरला तिथे पोचलो. आत डागडुजीच्या वेळी गिलाव्याखालून मंदिराचे खांब आणि त्यांवरची चित्रलिपी उघडी झाली होती. ती झाकली नाही, तशीच ठेवली आहे. बायकांसाठीच्या जागेतून मला एक घुबड, एक नागमोडी पाण्याची रेघ आणि एक बसलेला माणूस दिसत होता. नमाजीच्या नजरेसमोर चित्र असू नये, हे आम्ही लहानपणापासून शिकलेलो. मी जरा बाजूला सरकून नीयत बांधली. बाजूच्या म्हातारीने माझ्याकडे आणि खांबाकडे पाहिले आणि हाताने असा इशारा केला, की तो आमच्यातलाच आहे, राहू दे.

शाबान महिन्यात अबुल हज्जाजांचा उरूस भरतो. त्यात गाड्यांवर होड्या सजवून गावभर मिरवतात. तीन हजार वर्षांपूर्वी ओपेतच्या सणात आमोन देवाची होडी करनाकहून याच मंदिरात मिरवत येई. तिची चित्रे खालच्या भिंतींवर कोरलेली आहेत. दोन्हींचा थेट धागा आहे की नाही यावर पंडित वाद घालोत. आमच्याकडे संदल निघतो आणि गावची पालखी निघते. दोन्हींत ढोल वाजवणारी माणसे पुष्कळदा तीच असतात, हे मी लहानपणापासून पाहते आहे.

आमची शाळा वेरूळपासून फार दूर नाही. दरवर्षी सहावी-सातवीची सहल दौलताबाद, खुलदाबाद आणि वेरूळ अशी जाते. किल्ला, मलिक अंबरचा मकबरा, बुर्‌हानुद्दीन गरीबांचा दर्गा, आणि तिथून तीन-चार किलोमीटरवर चौतीस लेणी. गेल्या काही वर्षांत पालक सभेत एक प्रश्न हमखास येतो, "आपा, बच्चों को बुतखाने कायकू दिखाते? दर्गे तक ठीक है." आणि वेरूळच्या तिकिटाच्या रांगेत आमच्या मुलींच्या ओढण्या पाहून एका गृहस्थांनी हसत विचारले होते, "तुम्ही पण येता का इकडे?" त्यावर सातवीतली एक मुलगी मराठीत म्हणाली, "आमचे गाव इथलेच आहे, काका." गृहस्थांनी मान डोलावली आणि मोबाइल काढला. हे दोन प्रश्न विचारणारे एकमेकांना ओळखत नाहीत, पण त्यांचे म्हणणे एकच आहे.

परत आल्यावर मी वर्गात फळ्यावर तो हवेतला दरवाजा काढला. चित्र काही चांगले आले नाही. मुलांनी प्रश्न विचारले ते असे: पायऱ्या का नाही बांधल्या? पोरे आतून खाली डोकावतात का? मंदिर आधी होते तर मशिदीने जागा घेतली का? शेवटचा प्रश्न सोपा नव्हता. मी गाळाचे, चर्चचे आणि शेकडो वर्षांचे सगळे क्रमाने सांगितले. मागच्या बाकावरून एकाने विचारले, "मग ते मातीत गाडले होते तेव्हा कोणाचे होते?" तेवढ्यात घंटा झाली. तो प्रश्न मी वहीत लिहून ठेवला आहे.

या वर्षीच्या सहलीची संमतीपत्रे गेल्या आठवड्यात वाटली. बेचाळीसपैकी पस्तीस सही होऊन आली. सात पालकांनी वेरूळच्या ओळीवर काट मारून बाकीची संमती दिली आहे. त्यांच्याकडे येत्या जुम्म्याला, नमाजनंतर, मी आणि आमचे एक सर घरी जाऊन येणार आहोत. लक्सरचे फोटो मोबाइलमध्ये आहेतच.