नळीचा वळसा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका ओळखीच्या गॅरेजात परवा सहज डोकावलो, तो शर्यतीसाठी सजविल्या जाणाऱ्या एका जुन्या फियाटच्या उघड्या बॉनेटपाशी मिस्त्री कमरेवर हात ठेवून नुसते उभे होते. आणि कार्ब्युरेटर स्थानापन्न, टाकी मागे सिद्ध असताना, त्यांच्यामधील नळीच्या शेवटच्या हातभर रस्त्याचा एवढा खल का चालावा, याचे मला नवल वाटले.

"सरळच न्या की," मी म्हणालो.

"सरळ वाटंवर चूल हाय," ते म्हणाले.

चूल म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. पेट्रोलचे हलके अंश 40 अंशांच्या आगेमागेच उकळू लागतात, आणि नळीत एकदा वाफेने ठाण मांडले की द्रव ओढण्यासाठी घडविलेला पंप तिच्यापुढे हतबल होतो. त्यातही ओढीच्या बाजूला दाब घटल्यामुळे उकळीची सीमा अधिकच खाली येते, म्हणून अशा गाडीत विजेचा पंप टाकीपाशी बसवून पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलण्याची तजवीज करतात. ढकलणेही मात्र बेताचेच हवे. वेबरच्या कार्ब्युरेटरला चौरस इंचास 3 पौंडांच्या आसपास दाब पुरतो. फाजील झाला तर आतली सुई फ्लोटचा मुलाहिजा न राखता उघडते आणि पेट्रोल उतू जाते, तेही चुलीच्या शेजारी! मिस्त्रींनी अखेर चुलीला दूर ठेवणारा लांब वळसा कायम केला, आणि इंजिन हेलकावते म्हणून शेवटचा तुकडा रबराचा ठेवला. मला तांब्याची नळी आवडते, तिची कांती राजस असते. पण थरथरीने तांबे ताठरते नि चिरते, हा त्यांचा निर्वाळा मला मुकाट्याने मान्य करावा लागला.

आमच्या काकांच्या फियाटला असला वळसा लाभला नव्हता. वैशाखातल्या एका दुपारी, सहा माणसे, दोन वळकट्या आणि आंब्यांची एक करंडी घेऊन खोपोलीहून बोरघाट चढणारी ती गाडी शिंगरोबाच्या देवळापाशी दोन आचके देऊन थांबली. घाटाची वाट इंग्रजांना दाखविणारा हा धनगर त्याबद्दल प्राणास मुकला, अशी आख्यायिका आहे. येणारेजाणारे ड्रायव्हर त्याला नाणे वाहतात. काकांनी खिशातून आणेली काढली. "अहो, आधी त्या पंपाला पाणी घाला, मग देवाचं बघा," काकू मागच्या आसनावरून म्हणाल्या. मोटारीतले त्यांना काही कळत नसे, पण गेल्या खेपेचा अनुभव त्या विसरल्या नव्हत्या. तेव्हा फिरकीच्या तांब्यातले पिण्याचे पाणी काकांच्या अंगपुसण्याच्या पंचावर ओतून तो पंचा, ज्वराने फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर पट्टी ठेवावी तशा हलक्या हाताने, पंपावर ठेवण्यात आला. चुर्र आवाज झाला. आम्ही मुले करवंदांच्या जाळीत शिरलो. काका दर पाच मिनिटांनी पंचावर पाण्याचे चार थेंब शिंपडीत, बोटाने पंपाची नाडी पाहत आणि पुन्हा उभे राहत. अर्ध्या तासाने वाफ निवून तिचे पुन्हा पेट्रोल झाले, इंजिनाने हुंकार दिला, आणि आणेली देवाला पोचली.

पंचा मात्र काळाकुट्ट झाला होता. काकूंनी तो पुण्यास सोड्यात उकळला, रिठ्यात भिजविला, दोन दिवस उन्हात टाकला. तरी काकांना स्नानाच्या वेळी तो पुन्हा म्हणून दिला नाही.