पट्टा पडेपर्यंत: काही टिपणं

दसरा-दिवाळी आटोपली की बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतल्या वाड्या-तांडे बघता बघता रिकामे होतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याच्या पेट्या, भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या आणि कडेवरची पोरं. ऊसतोडीला सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुढे थेट कर्नाटक. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळा-अंगणवाडीतली नातवंडं. साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, पाच-सहा महिने. बीडच्या या स्थलांतराबद्दल मजुरी, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम), शाळागळती यांवर पुष्कळ बोललं जातं आणि ते बोलायलाच हवं. पण एवढ्या काळात माय-लेकराच्या आणि नवरा-बायकोच्या नात्याचं काय होतं, ते कुणी फारसं टिपून ठेवत नाही.

*

1951 साली जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला. महायुद्धात घरादाराला मुकलेली मुलं हा त्याचा विषय. लहान मुलाला अन्नाइतकीच एका ओळखीच्या, कायम असणाऱ्या माणसाची गरज असते, असं त्याचं म्हणणं. त्याचा सहकारी जेम्स रॉबर्टसन याने 1952 साली एक चित्रपट केला. लॉरा नावाची दोन वर्षांची मुलगी आठ दिवस रुग्णालयात आहे, आणि आई फक्त भेटीपुरती येते. अशा ताटातुटीत मूल तीन अवस्थांतून जातं, हे या दोघांनी दाखवलं. आधी आकांत. मग गप्प, मलूल होणं. मग तिसरी अवस्था: मूल खातं-पितं, खेळतं, आणि आई समोर आली तरी तिच्याकडे बघत नाही.

ही तिसरी अवस्थाच मोठ्यांना ‘पोर रुळलं’ अशी वाटते.

*

‘लई शहाणं लेकरू. माय गेली तरी रडलं नाही.’ हे कौतुक आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थने बाल्टिमोरमध्ये वर्षभराच्या बाळांची पाहणी केली तेव्हा तिला अशीच काही बाळं दिसली. आई खोलीबाहेर गेली तरी शांत, परत आली तरी खेळण्यात मान घातलेली. पुढे इतर संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले निघाले. बाळ आतून घाबरलेलंच होतं, फक्त दाखवायचं बंद झालं होतं. रडून काही उपयोग होत नाही, हे ते शिकलं होतं.

म्हणून अंगणवाडीताईंना आणि गुरुजींना माझं सांगणं आहे की हंगामात रडणाऱ्या पोराइतकंच न रडणाऱ्या पोराकडेही लक्ष ठेवा.

*

याच रॉबर्टसनने पत्नी जॉयससह 1960 च्या दशकात जे केलं, ते मला बीडसाठी सगळ्यात मोलाचं वाटतं. आई बाळंतपणाला गेली म्हणून थोडे दिवस एकट्या पडलेल्या मुलांचं त्यांनी चित्रण केलं. सतरा महिन्यांचा जॉन नऊ दिवस एका बालगृहात राहिला. तिथल्या बायका वाईट नव्हत्या, पण पाळीप्रमाणे माणूस बदलायचं. जॉन एकीजवळ जायचा, ती निघून जायची, तो दुसरीला धरायचा. नऊ दिवसांत तो पार कोलमडला, आणि आई आली तेव्हा तिच्याकडे जाईना.

थॉमस, केट, जेन, ल्यूसी या चौघांना मात्र रॉबर्टसन दांपत्याने स्वतःच्या घरी सांभाळलं. मुलांची आधी ओळख करून घेतली. अंथरूण-खेळणी त्यांच्या घरचीच आणवली. रोज आईचा विषय काढला. थॉमसजवळ आईचा फोटो होता. ही मुलंही रडली, रुसली, पण कोलमडली नाहीत. ताटातूट दोन्हीकडे होती, फरक पडला तो सांभाळणाऱ्या एका माणसामुळे आणि आईचा विषय उघडा ठेवल्यामुळे.

काही दिवसांचा दुरावा आणि सहा महिन्यांचा दुरावा सारखा नाही, हे मान्य. तरी दिशा यातच आहे.

*

पहाटे पोर झोपेत असताना टोळीची गाडी गाठायची, म्हणजे रडारड नको: ही रीत मोडायला हवी. लेकरू उठतं तर माय नाही. मग पुढे कित्येक दिवस ते आजीचा पदर सोडत नाही, रात्री दचकून उठतं. आधी दोन-चार दिवस सांगावं. कुठे जाणार, कुणासोबत, कोणत्या सणाला येणार, तोवर कुणाजवळ झोपायचं. रडू द्यावं. मायची एखादी जुनी साडी पांघरायला ठेवावी. फोनची वेळ ठरवावी आणि पाळावी. पोर फोनवर आलं नाही, तर रागावून ठेवून देऊ नये. आजीने फोन स्पीकरवर टाकून त्याच्याजवळ ठेवावा. ते ऐकत असतं.

*

आजीबद्दल. एन्सवर्थचं पहिलं काम बाल्टिमोरचं नव्हे, युगांडातलं, 1954-55 चं. तिथल्या खेड्यांत बाळं आईखेरीज घरातल्या इतरांनाही जीव लावत होती. आपल्याला हे नवं नाही. म्हणून बोल्बीचं नाव घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या मायला दोष देणाऱ्यांशी मी सहमत नाही. ती हौसेने जात नाही. पण सत्तरीतली आजी, गुडघे दुखतात, डोळ्यांना कमी दिसतं आणि अंगावर चार नातवंडं, हेही खरं. आजीला आधार देणं म्हणजेच मुलाला आधार देणं. जिल्ह्यातली हंगामी वसतिगृहं त्यासाठीच आहेत. आर्वीच्या शांतिवनासारख्या संस्था तर ऊसतोड कामगारांच्या मुलांना वर्षभर सांभाळतात. अशा ठिकाणी जेवण आणि अंथरुणाबरोबर एक प्रश्न विचारावा: या मुलाचं इथलं माणूस कोण? रात्री ताप आला तर ते कुणाच्या नावाने हाक मारेल?

*

चैत्राच्या सुमारास माय परत येते आणि पोर आजीच्या मागे लपतं. मायच्या जिवाला फार लागतं. ‘माझंच लेकरू मला ओळखंना.’ काही घरांत इथून सासू-सुनेची धुसफूस सुरू होते. अशा वेळी पोराला ओढून घेऊ नये, आजीनेही लगेच बाजूला होऊ नये. दोघींनी मिळून जेवू घालावं, न्हाऊ घालावं. काही दिवसांनी ते मायला मारील, चावील, हट्ट करील. तो राग म्हणजे नातं पुन्हा जागं झाल्याची खूण आहे. त्यावर चापट मारू नये.

*

थोरल्या मुलीचं वेगळं लिहायला हवं. दहा-बारा वर्षांची पोरगी धाकट्यांची आई होते. पाणी, भाकरी, वेणीफणी, सगळं तिच्यावर. ती ‘नाही’ म्हणायला शिकतच नाही, कारण तिच्या ‘नाही’मुळे कुणीतरी उपाशी राहणार असतं. पुढे नवऱ्याच्या घरी ती हेच करते. आणि तिचं लग्नही लवकर होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 43.7 टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही आई-बापाची भीती. शिवाय जोडी झाली की एक ‘कोयता’, म्हणजे ऊसतोडीचं एकक, पूर्ण होतो.

*

नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या जोडीवर असते, आणि ती बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. कामाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात. नात्यात आपली हद्द आखावी, नको ते नको म्हणावं, असं समुपदेशनाची पुस्तकं सांगतात. सल्ला चांगलाच आहे. पण खोपीत दार नाही, जवळ माहेर नाही, हातात स्वतःचा पैसा नाही, आणि रुसून बसली तर कोयता मोडतो. अशा बाईचं ‘नको’ टिकायचं कशावर? याच जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये पुढे आला, आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि तेरा हजारांवर ऊसतोड महिलांची ही शस्त्रक्रिया झाल्याचं पाहणीत दिसलं. पाळीच्या चार दिवसांत ‘आज काम होणार नाही’ म्हणण्याची सोय असती, तर यातल्या कितीतरी जणी वाचल्या असत्या, असं मला वाटतं. मजुरी बाईच्या स्वतःच्या खात्यावर यावी, ही मागणी म्हणूनच मनाच्या आरोग्याचीही मागणी आहे. मारहाण असेल तर 181 हा क्रमांक, मुलांसाठी 1098, मन फारच खचलं तर टेली-मानसचा 14416. हे तीन आकडे टोळीतल्या प्रत्येकीच्या फोनमध्ये हवेत.

*

बालपणी जे झालं ते कपाळी कोरलं गेलं, असं नाही. मेरी मेन या संशोधिकेने मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाविषयी बोलतं केलं. ज्यांना आपली दुःखाची गोष्टही नीट, न लपवता सांगता आली, त्यांची मुलं बहुतेक वेळा त्यांच्याजवळ निर्धास्त होती. उसाच्या फडात वाढलेले कितीतरी जण आज जिल्ह्यात शिक्षक आहेत, पोलिसात आहेत, नर्स आहेत. आपल्या हंगामाविषयी त्यांनी स्वतःच्या मुलांशी बोलावं.

*

मजूर पुरवणाऱ्या मुकादमाशी होणाऱ्या बोलण्यांत उचल ठरते, दर ठरतो. त्यात आणखी एक कलम यावं: ज्यांची लहान मुलं गावी आहेत, त्यांना संक्रांतीच्या सुमारास चार दिवस गावी जाता यावं, त्याचा खाडा धरू नये, आणि येण्या-जाण्याचं भाडं कारखान्याने द्यावं. पोराला सांगितलेली तारीख मग मायला पाळता येईल.