खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबा बैलांना नदीवर नेऊन धुऊन आणत. संध्याकाळी अंगणात कोमट पाणी, तूप, हळद आणि पळसाची पानं मांडली जात. वर्षभर जू घासून बैलाच्या खांद्यावरची कातडी जिथं जाड झालेली असे, नेमक्या त्याच जागी बाबा तूप-हळद लावून पळसाच्या पानानं शेकत. मग बैलाच्या कानाशी वाकून त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देत. बालाघाट जिल्ह्यात, वारासिवनीजवळच्या आमच्या गावात याला खांद शेकणं म्हणतात. वैनगंगेच्या खोऱ्यात, गोंदिया-भंडाऱ्याकडेही हे असंच चालतं.

मी बालाघाट शहरात समुपदेशक म्हणून काम करते. कृतज्ञतेबद्दल कुणी विचारलं की मला पुस्तकांच्या आधी ती संध्याकाळ आठवते. शिंगं रंगवणं, झूल, ओवाळणं, पुरणपोळी हे सगळं दुसऱ्या दिवशी. त्याआधी हात जातो तो जिथं ओझं पेललं त्या जागेवर.

आमच्या घरात पोवारी, बाजारात हिंदी आणि पुस्तकांत मराठी. यांतल्या घरच्या बोलीत मी कधी कुणाला ‘धन्यवाद’ म्हणताना ऐकलं नाही. पण ‘कृतज्ञ’ हा शब्द शाळेत शिकले तेव्हा त्याचा अर्थ चटकन कळला. कृत म्हणजे केलेलं, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कुणी काय केलं हे ज्याला ठाऊक आहे, तो कृतज्ञ. म्हणजे हे मुळात जाणणं आहे. कठीण काळात मनाला ‘आनंदी हो’ असा हुकूम देता येत नाही. पण काय घडलं, कुणी केलं, हे जाणून घेता येतं. माझं सगळं काम या फरकावर उभं आहे.

अनिश्चितता आमच्या जिल्ह्याला नवी नाही. धान कापून कडपा बांधीत पडलेल्या असताना पाऊस आला, तर चार महिन्यांची मेहनत डोळ्यांदेखत भिजते. ज्या चिन्नोर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तो तर उशिरा पिकणारा. त्याची काळजी जास्त दिवस वाहावी लागते. शेतीवर भागत नाही म्हणून घरटी कुणी ना कुणी नागपूर-हैदराबादला कामाला गेलेलं असतं. माझ्याकडे येणारी माणसं ‘चिंता’ हा शब्द क्वचितच वापरतात. ‘मॅडम, झोप लागत नाही’, ‘कशातच मन लागत नाही’, असं सांगतात.

अभ्यास काय सांगतात? रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचं संशोधन 2003 साली प्रसिद्ध झालं. त्यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एका गटानं दहा आठवडे, दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या, दुसऱ्यानं त्रासाच्या, तिसऱ्यानं नुसत्या घडलेल्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य अधिक समाधानाचं वाटलं. मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच संशोधनाचा पुढचा भाग. मज्जा-स्नायूंच्या दीर्घ आजारांनी ग्रासलेल्या माणसांनी 21 दिवस रोज असं लिहिलं, तेव्हा त्यांचं मन हलकं झालं आणि झोपही सुधारली. आजार होता तिथंच होता.

पण रोज वही भरलीच पाहिजे असंही नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली मांडलेल्या प्रयोगात सहा आठवडे आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला. तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. लिहिणं गृहपाठ झालं की त्यातला जीव जातो. म्हणून मी सांगते: आठवा रोज, लिहा जमेल तेव्हा.

आता एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मे 2020 मध्ये टाळेबंदीत हैदराबादहून निघालेला एक मजूर वाटेत लाकडांची गाडी स्वतः जोडून, तिच्यावर गरोदर बायको आणि चिमुकली मुलगी बसवून, ती ओढत बालाघाटकडे आला. जिल्ह्याच्या सीमेवर पोलिसांनी त्यांना खायला दिलं आणि त्या मुलीला चपला दिल्या. ते चित्र देशानं पाहिलं. त्या चपलांबद्दल कृतज्ञ असणं खरं आहे. आणि माणसावर अशी गाडी ओढायची वेळ का आली, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. चपला मिळाल्या म्हणून प्रश्न विचारू नये, असं जी कृतज्ञता सांगते ती मला मान्य नाही. खांद शेकणाऱ्यानं जू आणि जखम दोन्ही पाहिलेली असतात.

एप्रिल 2021 मध्ये बाबा गेले. त्यानंतर भेटायला आलेले लोक सांगत, ‘जास्त हाल झाले नाहीत, हेच नशीब समजा.’ माझ्याच विषयातली ही वाक्यं मला सहन होत नव्हती. चार महिन्यांहून अधिक काळ मी एक ओळ लिहिली नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी भाऊ बैलाचा खांदा शेकू लागला. पहिला हात लागताच बैलानं खांदा आखडला. भाऊ थांबला, पाण्यात थोडं गार पाणी ओतलं आणि पुन्हा हळूच पान टेकवलं. बाबा असंच करत. त्या रात्री मी लिहिलं: शेजारचा मुलगा बाबांसाठी ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला रात्री दोनला मोटारसायकलवर गेला होता. त्याची आई दारात जागी होती.

तेव्हापासून मी हीच रीत सांगते. आधी जे दुखतंय ते एका ओळीत, स्वच्छ. मग आज आपल्यासाठी कुणी काय केलं, आणि ते करताना त्याला काय सोसावं लागलं. ‘कुटुंबाबद्दल कृतज्ञ आहे’ असं मोघम नको. ‘वहिनीनं रोवण्यावरून येऊन, पाय न धुता, माझ्यासाठी चहा ठेवला’ असं हवं. आणि जमलं तर त्या माणसाला ते सांगायचं. मी शेजारच्या त्या मुलाला चार महिन्यांनी सांगितलं. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या आईशी येऊन बसला.

याच्या मर्यादाही सांगते. खोल नैराश्यावर किंवा सततच्या भीतीवर ही रीत पुरी पडत नाही. तिथं डॉक्टर हवा, औषध हवं. 2022 पासून ‘टेली मानस’ची 14416 ही सरकारी मदतवाहिनी आहे, तिथं कुणीही फोन करू शकतं. आणि समोरचा अजून खांदा आखडत असेल, तर त्याला कृतज्ञतेचा उपदेश करू नका. पाणी फार गरम आहे, एवढंच त्याचं सांगणं असतं. थोडं निवू द्या आणि तोवर त्याच्याजवळ बसा.

आता गावात बरीचशी नांगरट ट्रॅक्टरनं होते. आमच्या गोठ्यात एकच जोडी उरली आहे. भाऊ ती विकत नाही. का, असं मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, ‘यांनी काय ओढलंय ते मला माहीत आहे ना.’